नऊ बायकांचा अर्ज

सुरतेतल्या एका खासगी कचेरीत मी नकाशे काढतो. रस्ते, गटारं, बागा, पाण्याच्या टाक्या, जे काम येईल ते. मोजणीला जायचं, आकडे आणायचे आणि कॉम्प्युटरवर रेषा ओढायच्या. वडिलांचं आयुष्य उधन्याच्या कापडाच्या लूमवर गेलं. माय घरी बसून साड्यांना खडे चिकटवते, अजूनही. मशीनच्या आवाजाबाहेर नोकरी मिळवणारा आमच्या घरातला मी पहिला, त्यामुळे नवागामच्या आमच्या गल्लीत मला 'इंजिनेर' म्हणतात. मी इंजिनिअर नाही, डिप्लोमावाला आहे. पण हे मी कधी कुणाला दुरुस्त करून सांगितलं नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे समुद्राकाठच्या चालायच्या रस्त्याचं काम आलं. किनार्‍याकिनार्‍यानं लोकांना मोकळं फिरता यावं, बाकं असावीत, झाडं असावीत, म्हातार्‍यांना धरायला कठडा असावा. काम मला मनापासून आवडलं होतं. सुरतेत गाड्यांसाठी जागा आहे, चालणार्‍याला कुठे आहे? त्या रस्त्याची पहिली रेषा ओढली तेव्हा मला वाटलं होतं, आपल्या पोरांना दाखवण्यासारखं काही आपण पहिल्यांदाच करतोय.

थंडीत मोजणीला गेलो. आमच्या इकडचा समुद्र चित्रातल्यासारखा निळा नाही. काळी वाळू आणि चिखल. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं, की समुद्र कुठे गेला असं वाटावं. किनार्‍याच्या एका टोकाला मच्छीमारांची वस्ती आहे, आणि वस्तीच्या पुढ्यात एक लांबट उघडी जागा. तिथे बांबू रोवून, दोर्‍या बांधून बायका बोंबील वाळत घालत होत्या. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे. हात इतके भराभर चालत होते, की मला मायच्या हातांची आठवण झाली.

त्यातली एक मायच्याच वयाची होती. उन्हात उपकरण लावून उभा होतो, तर तिने हाक मारून सावलीत बसवलं, बशीत चहा ओतून दिला. शुं मापो छो, काय मोजताय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, इथून फिरायचा रस्ता होणार आहे. ती हसली. म्हणाली, "सारुं. पण अमारी दोरी छोडीने लई जजो." चांगलं आहे, फक्त आमच्या दोर्‍या सोडून न्या.

मी म्हटलं, "हो मासी, सोडून नेऊ."

हे मी म्हटलं होतं, चहाची बशी हातात धरून.

आणि कचेरीत येऊन खरंच दोन रेषा काढल्या. एक सरळ किनार्‍यानं जाणारी, बायकांच्या त्या जागेवरून. दुसरी वस्तीच्या अलीकडे थोडी आत वळून, बांबूंच्या मागून जाणारी आणि पुढे पुन्हा किनार्‍याला लागणारी. दुसर्‍या रेषेत एका मोठ्या माणसाच्या शेतघराची भिंत थोडी मागे सरकवावी लागणार होती. एवढंच.

आमचे मालक भले माणूस आहेत, हेही सांगायला हवं. माझ्या बहिणीच्या लग्नात स्वतः पंगतीत उभं राहून वाढलं त्यांनी. त्यांनी दुसरी रेषा पाहिली आणि नुसती मान हलवली.

"भाऊ, ही भिंत कोणाची आहे माहीत आहे का? हा नकाशा पुढेच जाणार नाही."

"पण सर, तिथे बायका मासे वाळवतात."

"बारा महिने वाळवतात?"

"नाही. पावसाळ्यात नाही."

"मग पावसाळ्यातला फोटो लाव. आणि जमिनीच्या रकान्यात पडतर लिही."

पडतर म्हणजे पडीक. पावसाळ्यात उंची मोजायला मी पुन्हा गेलो होतो. तेव्हा बांबू काढून ठेवलेले होते आणि जागेवर फक्त चिखल आणि दोन कुत्री होती. तो फोटो माझ्याकडे होताच. मी तो लावला आणि रकान्यात पडतर लिहिलं. तसं लिहिलं की नकाशात त्या जागेवर हिरवट रेघोट्यांची खूण भरावी लागते, तीही भरली. या सगळ्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. संध्याकाळी घरी जाऊन नेहमीसारखा जेवलो.

मग सुनावणी आली. असल्या कामाला मंजुरी मिळण्याआधी लोकांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकायचं असतं. मालकांनी मला बाजूला घेतलं. "समोर फक्त वस्तीवालेच बसलेले दिसले, तर सुनावणी घेणारे साहेब मंजुरी द्यायला अडकतील. तुझ्या गल्लीतल्या बायका आण ना. त्यांनाही फिरायला रस्ता हवाच असेल. बस मी देतो, नाश्ता मी देतो. समुद्र बघतील बिचार्‍या."

घरी येऊन मायला सांगितलं. सुरतेत येऊन तिला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि तिने समुद्र पाहिला नव्हता. आमच्या घरापासून तासाभरावर समुद्र, पण मीही तिला कधी नेलं नव्हतं. ती म्हणाली, "खरंच दखाडशी का रे समुद्र?" दाखवशील का, म्हणत होती. मी म्हटलं, दाखवीन. तिथे एक साहेब विचारतील, फिरायला रस्ता पाहिजे का, तेव्हा फक्त हात वर करायचा.

"त्यात काय, करू," माय म्हणाली.

गल्लीतल्या बायका धुतलेल्या साड्या नेसून आल्या. कुणी शिरपूरकडची, कुणी धुळ्याची, एक परभणीची. बसमध्ये गाणी म्हटली. समुद्र आला तेव्हा सगळ्या खिडक्यांशी गोळा झाल्या. ओहोटी होती, पाणी लांबवर चमकत होतं. माय चिखलात जाता येईल तिथवर गेली, वाकली, आणि पाण्याचं बोट कपाळाला लावून परत आली.

सुनावणी एका हॉलमध्ये होती. वस्तीतल्या बायका डाव्या हाताला, आमच्या उजव्या हाताला. पडद्यावर मी काढलेला रस्ता दाखवला, बाकं, झाडं, संध्याकाळी फिरणारी माणसं. साहेबांनी विचारलं, हे कुणाला हवं आहे? आमच्या बायकांचे हात वर गेले. मायचा सगळ्यांत आधी. तिने माझ्याकडे बघून हात वर केला, पोराचं काम आहे म्हणून, पार खांद्यापासून ताठ. मोजून लिहून घेतलं गेलं.

मग हरकती विचारल्या, आणि मला चहा पाजणारी बाई उठली. तिने माइक हातात घेतला नाही. तिचा आवाज तसाही पोचत होता. ती म्हणाली, पडद्यावर जिथे बाकं दाखवली आहेत तिथे आमचे बोंबील वाळतात. आमच्या सासवा तिथेच वाळवत होत्या. ती जागा गेली तर ओला माल त्याच दिवशी मिळेल त्या भावात द्यावा लागेल. साहेब म्हणाले, नकाशात तर तिथे काहीच नाही. तेव्हा ती वळली आणि तिने माझ्याकडे बोट केलं.

"आ भाईने पूछो. ए अमारे त्यां बेसीने चा पीधी छे."

या भाऊला विचारा, आमच्याकडे बसून चहा प्यायला आहे. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. साहेबांनी विचारलं, "बोलो भाऊ, त्यां शुं हतुं?" तिथे काय होतं?

मालक समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हातातलं पेन फिरवत राहिले. मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, नकशामां पडतर छे."

मी काढलेल्या नकाशाचाच मी दाखला दिला. तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती शेजारच्या बाईला म्हणाली, चल, बसून घे. जणू उभी ती नव्हती, दुसरीच कुणीतरी होती.

अठ्ठावीस वर्षांत मायला गुजराती चांगली कळायला लागली होती, हे मी विसरलो होतो. बाहेर नाश्त्याची पाकिटं वाटली जात होती, तर माय दिसेना. शोधलं, तर ती हॉलच्या मागे त्या बाईजवळ बसली होती. मग ती बाई मायला आणि आमच्या दोन-चार जणींना जागा दाखवायला घेऊन गेली. सुनावणी थंडीतच होती. दोर्‍या भरलेल्या होत्या. मी लांब उभा राहून बघत होतो. माय दोर्‍यांच्या मधून सावकाश चालत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग माझ्याकडे आली.

"हाई जागा रिकामी शे?"

मी तिचं नाश्त्याचं पाकीट पुढे केलं.

"तुले माहीत व्हतं?"

"माय, नकाशाचं तसं नसतं. तुला नाही कळायचं."

हे मी तिला म्हणालो. त्या दिवशी मी जे जे बोललो त्यात मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे वाक्य. परतीच्या बसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही.

दुसर्‍या दिवशी मी कामावरून आलो, तर गल्लीतल्या आठ जणी आमच्या खोलीत बसलेल्या. माय मधोमध. ती म्हणाली, "मन्हा हात माले मांगे लेवाना शे." वर केलेला हात तिला परत घ्यायचा होता. कुणाला तरी विचारून तिने माहिती काढली होती, की सुनावणीनंतर पंधरा दिवस लेखी हरकत देता येते. "तू लिही. आम्ही सांगतो."

मी लिहिलं. त्या सांगत होत्या आणि मी गुजरातीत उतरवत होतो. आम्हाला समुद्र दाखवायला म्हणून नेलं. रस्ता हवा का विचारलं, आम्ही हो म्हटलं. त्या जागेवर बायका काम करतात हे आम्हाला सांगितलं नव्हतं. ते आम्ही मग डोळ्यांनी पाहिलं. रस्ता करा, पण त्यांची जागा सोडून करा, आणि आमचे हात त्यात मोजू नका. इतका साधा, स्वच्छ अर्ज मी आजवर लिहिलेला नाही. सात जणींनी सह्या केल्या. एकीने पोरांच्या अक्षरासारखं मोठं मोठं नाव काढलं, जीभ दातात धरून. परभणीच्या बाईने अंगठा दिला.

अर्ज मी डब्याच्या पिशवीत ठेवला आणि रोज कामावर नेऊन रोज परत आणत राहिलो. माय विचारायची, दिला का? मी म्हणायचो, आज साहेब नव्हते. शेवटच्या दिवशी गेलो, हरकती घेतात त्या सरकारी कचेरीत. आवक टेबलासमोर रांगेत उभासुद्धा राहिलो. माझ्या पुढे दोन माणसं होती. मनात एकच हिशेब चालला होता. हा अर्ज आत गेला, की उत्तरासाठी आमच्याच कचेरीत येईल आणि अक्षर कुणाचं ते मालक एका नजरेत ओळखतील. पुढची दोन माणसं निघून गेली. टेबलावरच्या माणसाने हात पुढे केला. मी म्हणालो, "पाण्याच्या बिलाचं टेबल कुठलं?" त्याने दाखवलं. मी बाहेर आलो आणि अर्जाचे तुकडे करून चहाच्या टपरीमागच्या डब्यात टाकले.

संध्याकाळी मायने विचारलं, "दिला?"

"दिला."

"शिक्का मारला त्यांनी?"

"मारला."

"मग आपली नक्कल?"

रेशनकार्डापासून पेन्शनपर्यंत शिक्क्याच्या नकलेशिवाय काही खरं नसतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी म्हणालो, नक्कल तिथेच ठेवून घेतात. उत्तर घरी येईल.

रस्ता मंजूर झाला. दीड-दोन वर्षांत बांधूनही झाला. सुंदर झाला आहे, खोटं कशाला बोलू. सुट्टीच्या दिवशी नवागाम-उधन्याची माणसं बायकापोरं घेऊन तिथे जातात, भजी खातात, कठड्याला टेकून पाणी बघतात. आमच्या गल्लीतलेही जातात. माझी पोरं गेली. माय गेली नाही. बोलावलं की म्हणायची, उत्तर येऊ दे, मग जाऊ.

मला वाटायचं, टाळायला म्हणून ती असं म्हणते. मग एकदा दुपारी लवकर घरी येत होतो, तर गल्लीच्या तोंडाशी मायने टपालवाल्याची सायकल थांबवली होती. मी कोपर्‍यावरच्या दुकानाआड थांबलो. ती त्याला विचारत होती, समुद्राच्या कचेरीतून काही आलं का. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही दर महिन्याला विचारता. आलं तर मी स्वतः आणून देईन." ती म्हणाली, "नाही, सरकारी काम आहे. उशीर होतो. पण नऊ जणींचं आहे, हरवायला नको."

दर महिन्याला. मी किती तरी वेळ दुकानाआड उभा होतो. दुकानदाराने काय पाहिजे विचारलं, तेव्हा नको असलेला साबण घेतला.

घरी आलो. माय साडी पसरून खडे लावत होती. तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. रेषा दोन होत्या तिथपासून टपरीमागच्या डब्यापर्यंत. तिचे हात थांबले नाहीत. गोंदाचा थेंब, खडा, बोटाने दाब. गोंदाचा थेंब, खडा. एक पूर्ण फूल भरून झालं. मग तिने विचारलं, "बाकीच्या आठ जणींना सांगितलं?"

"नाही."

"आणि त्या समुद्रवालीला?"

"नाही."

"जा मग."

एवढंच. ती मला रागावली नाही, रडली नाही. दोन दिवस मला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही.

आधी वस्तीवर गेलो. दोर्‍या आता वस्तीच्या मागे, रस्त्याच्या कडेला होत्या. गाड्यांची धूळ उडत होती आणि बायकांनी मालावर जुन्या साड्या टाकल्या होत्या. तिने मला लगेच ओळखलं. मी उभ्याउभ्या सांगून टाकलं, तुमच्यासाठी नऊ बायकांनी अर्ज केला होता, तो मी फाडला. मला वाटलं होतं ती आता तरी बोलेल. तिने विचारलं, "कई बाईओ?" कुठल्या बायका?

"त्या दिवशी हात वर केलेल्या."

ती खाली बसली. तिने शेजारणीला हाक मारून सांगितलं, ऐकलं का, त्या बसवाल्या बायकांनी आपल्यासाठी लिहून दिलं होतं. इतकी वर्षं ती वस्ती आमच्या बायकांना नाश्त्यावर विकल्या गेलेल्या म्हणून ओळखत होती. फक्त माझ्यामुळे. जागा वाचली असती की नाही, कोण जाणे. बहुधा नसतीच वाचली. पण हे तरी झालं नसतं.

मग गल्लीतली दारं. तीन जणींना अर्ज आठवतच नव्हता. एक हसली आणि म्हणाली, दादा, आपल्यासारख्याच्या अर्जाने काय होतं. एकीने ऐकून घेतलं, "बरं" म्हटलं आणि दार लावलं. अजूनही ती माझ्याशी बोलत नाही. जिने मोठ्या अक्षरात नाव काढलं होतं ती म्हणाली, "ती माझी आयुष्यातली पहिली सही होती, दादा." नंतर आणखी एक दार, तिथे नुसता चहा मिळाला आणि विषय बदलला गेला.

परभणीची बाई राहिली होती. नवर्‍याच्या पश्चात ती लेकीकडे बारडोलीजवळ उसाच्या कामाला गेली होती. रविवारी बसने गेलो. पत्ता विचारत विचारत खोलीवर पोचलो. ती मला बघून हरखली, पाणी दिलं, मायची चौकशी केली. मी सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मग अगदी हळू विचारलं, "माझा अंगठा होता म्हणून नाही का दिला? बाकीच्या समद्या सही करणार्‍या. मी तव्हाच म्हणलं होतं, माझ्यानं कागद खराब होईल."

मी म्हटलं, नाही मावशी, अंगठ्याचा काही संबंध नाही. मी घाबरलो म्हणून नाही दिला. पुन्हा सांगितलं, तिसर्‍यांदा सांगितलं. ती मान हलवत राहिली. आपली चूक दुसरा कुणी स्वतःवर घेतोय असं वाटल्यावर माणूस हलवतो तशी. "असू दे लेकरा," म्हणाली. तिने मला भाकरी वाढली. मी खाल्ली, कारण नको म्हणण्याचा हक्क मला नव्हता.

घरी आल्यावर मायने विचारलं, काय म्हणाली? हे तेवढं लपवावं असं मला वाटलं होतं. बसमध्ये सगळा वेळ तेच ठरवत होतो. पण सांगितलं. मायने हातातली साडी बाजूला ठेवली.

"बारडोलीची बस कुठून सुटते?"

"मी नेतो ना तुला."

"नको. तू नको."

दुसर्‍या दिवशी सकाळी ती एकटी गेली. दोन रात्री राहिली. परत आली तेव्हा पिशवीत उसाची कांडी होती, पोरांसाठी. तिथे काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.